काठ्या

सकाळी दहाला आम्ही काठ्या रोवतो.
दोन लाल-पिवळ्या बावट्यांच्या, पोहणाऱ्यांसाठी.
पलीकडे दोन काळ्या-पांढऱ्या चौकड्यांच्या,
फळीवाल्यांसाठी.
टॅमसिन घण मारते, मी काठी धरते.
कॉर्नवॉलचा हा समुद्र तेवढा वेळ
दुसरीकडेच बघत असतो.

काठी मारल्याने पाणी दुभंगत नाही,
हे मलाही ठाऊक आहे.
पण पगार त्याचाच मिळतो.

ओहोटी लागली की वाळूचे उंचवटे उघडे पडतात,
ओढीची वाट सरकते,
मग काठ्या उपटायच्या, वीस पावलं उत्तरेला,
पुन्हा ठोकायच्या.
संध्याकाळपर्यंत चार वेळा, कधी पाच.
लंडनचे एक गृहस्थ टॉवेल आपटत म्हणाले,
सकाळी मी इथेच पोहत होतो, अगदी इथेच.
म्हटलं, हो, पण सकाळचं पाणी
एव्हाना आयर्लंडकडे निघालं.

नियम फलकावर आहेत, खारट वाऱ्याने निम्मे खाल्लेले.
फळी हातची सोडू नका.
लाट जिथे फुटते त्याच्या सर्वांत जवळ जो, लाट त्याची.
खाली कुणी डोकं वर काढलं असेल, तर कुणाचीच नाही.
उरलेलं मी शिट्टीने सांगते.
एक लांब: तुम्ही.
दोन आखूड: हो हो, तुम्हीच.

लव्हडे पास्को मात्र शिट्टी ऐकत नाही.
वय एकोणऐंशी, टोपी राखाडी,
गावात तीस वर्षं टपाल वाटलेलं.
ती किनाऱ्याला समांतर पोहते,
या खडकापासून त्या खडकापर्यंत,
चारही काठ्यांसमोरून,
जणू प्रत्येक दारात काहीतरी टाकायचंय.
मी एकदा हटकलं, तर म्हणाली,
मी इथे आधीपासून आहे, पोरी.
बावट्यांनी मला विचारायला हवं होतं.

जूनमध्ये, एका मंगळवारी, साडेतीनला
पेरन ट्रेगिअरने दिवसातली शेवटची लाट घेतली.
सोळा वर्षांचा. ती शेवटची नव्हती, त्याने नंतर कबूल केलं.
राखाडी पाण्यात राखाडी टोपी.
फळीचं पातं तिच्या कोपराखालून गेलं.
अकरा टाके.
मी टॉवेल दाबून धरला होता आणि ती विचारत होती,
पोरगा का रडतोय?

रात्री अहवाल लिहायला बसले.
चूक कोणाची, असा एक रकाना असतो.
ती आत होती का? तो बाहेर होता का?
आठवून पाहिलं.
भरती चढत होती. आम्ही जागा बदलत होतो.
त्या क्षणी काठी
माझ्या हातात होती.

रकान्यात मी तेच लिहिलं. टॅमसिन म्हणाली, खोड.
खोडलं नाही.

पेरन तीन आठवडे पाण्यात उतरला नाही.
माशांच्या दुकानात बटाटे सोलत राहिला.
एक दिवस लव्हडे गेली, हात गळ्यात बांधलेला,
काउंटरवर दोन टोप्या ठेवल्या
आणि विचारलं, यातली कुठली लांबून दिसेल?
त्याने मान वर न करता
केशरीवर बोट ठेवलं.

ऑक्टोबर संपता संपता आमचा हंगाम संपतो.
काठ्या धुऊन शेडमध्ये, शेडला कुलूप.
दुसऱ्या दिवशी मी साध्या कपड्यांत आले,
चहाचा थर्मास घेऊन, पायऱ्यांवर बसले.
समोर सगळं पाणी एकसंध, राखाडी,
कुणाचं कुठलं, काही कळू नये असं.

पाच-सहा फळ्या. मध्ये एक केशरी ठिपका,
या खडकाकडून त्या खडकाकडे.
मागून एक लाट उठली, स्वच्छ, खांद्याएवढी.
फलकावरच्या प्रत्येक ओळीने ती पेरनची होती.
त्याने दोन हात मारले.
डावीकडे पाहिलं.
माझी बोटं गळ्याशी शिट्टी शोधत होती,
ती शेडमध्ये होती.

तो उठून बसला, फळीवर, पाय पाण्यात सोडून.
लाटेने आधी त्याला उचललं, मग तिला,
आणि दोघांना ठेवून
ती एकटीच किनाऱ्यावर येऊन फुटली.

चांगली होती रे, वाया घालवलीस!
लव्हडे ओरडली, अर्धं तोंड पाण्यात.
पेरनने ऐकू न आल्यासारखं केलं.